सावलीत वाळवलेली फडकी

६ मार्च

भाऊजी,

नमस्कार लिहायला विसरले नाही, मुद्दाम गाळलाय.

चाळीस पावलांवर राहता आणि मला तिकीट लावून पत्र टाकावं लागतंय. पण हा नियम तुमचाच. तुमचे दादा गेल्यावर तुम्हाला माझी रेशमाची शेड तुमच्या टाक्या ठेवायला हवी होती. मी दिली नाही. त्या दिवशी कुंपणापाशी उभं राहून तुम्ही म्हणालात, "यापुढे जे काही असेल ते लेखी." तर हे घ्या लेखी.

माझ्या अळ्या मेल्या. थोड्या नाही, सगळ्या. चौथी कात टाकून झाली होती, कोष विणायला बसायला तीनच दिवस राहिले होते. परवा पानं कुरतडण्याचा आवाज दारापर्यंत येत होता. काल सकाळी ताजी पानं टाकली तर एकीनेही तोंड लावलं नाही. दुपारी माना वर करून ताठ झाल्या. संध्याकाळी हात लावला तर पिकून फुटायला आलेल्या केळ्यासारख्या मऊ, आणि आज सकाळी काळ्याठिक्कर. मी आणि तुमच्या आई सकाळपासून टोपल्या भरभरून खड्ड्यात नेतोय. आईंचं रडं थांबत नाही. दादा गेल्यापासून ही बाई त्या अळ्यांसाठी पहाटे उठते हे तुम्हाला ठाऊक आहे.

आपल्या दोघांच्या मध्ये तुमचा कोबी आहे आणि कोबीवर तुम्ही काय फवारता ते सगळ्या रस्त्याला माहीत आहे. अळ्या मारायचे जंतू. लोक तुम्हाला जंतूशेठ म्हणतात ते उगाच नाही. माझ्याकडे अळ्यांशिवाय दुसरं काय आहे हो? अळ्या मारायचा कारखाना तुम्ही अळ्या पाळणाऱ्या घराला लागून काढलात, आणि वर साळसूदासारखे वावरता.

उत्तर लेखीच द्या. कुंपणापाशी येऊन ओरडू नका, आई झोपलेल्या असतात.

— वहिनी (नात्याने आहे, काय करणार)


९ मार्च

आदरणीय वहिनी,

'आदरणीय' चुकून आलेलं नाही, मुद्दाम घातलंय. तुम्हाला जास्त झोंबतं म्हणून.

अळ्यांचं वाईट वाटलं. आईसाठी. तुमच्यासाठी वाटायला तुम्ही जागाच ठेवलेली नाही.

आता कान देऊन ऐका, कारण तुमच्या मते मी अडाणी आणि माझ्या मते तुम्ही. जंतू नव्हे, जीवाणू. मातीतच असतो, मी तो टाकीत वाढवतो, इतकंच. अळीने पानाबरोबर खाल्ला की तिचं आतडं फाटतं, खाणं बंद होतं, ती मरते. माणसाला, गुरांना, मधमाशीला काडीचाही अपाय नाही. प्रदर्शनात मी सगळ्यांसमोर ग्लासभर प्यायलो होतो. पहिल्या रांगेत तोंड वाकडं करून कोण बसलं होतं ते आठवत असेलच. माझ्यामुळे आजूबाजूच्या साठ शेतांतलं विष बंद झालं. आधी त्याच शेतांतून डोळे चोळत, खोकत माणसं घरी यायची. दादाही त्यातलाच होता. हे तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्ही कानात बोटं घालता.

तुमच्या अळ्यांनाही हा जीवाणू मारतो, ते मी नाकारत नाही. म्हणून तर मी वारा तुमच्याकडे वाहत असेल तेव्हा फवारत नाही. वही ठेवलीय, तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, सगळं. फेब्रुवारीत एक थेंबही तुमच्या तुतीवर गेलेला नाही. मध्ये वीस फूट उंच कुंपणाची झाडं आहेत ती कशाला लावली मी?

शेडच्या जमिनीवर चुना शेवटचा कधी मारलात? टोपल्या कधी उकळल्यात? अळ्या घाणीनेही मरतात, वहिनी. आपलं घर आधी झाडा आणि मग दुसऱ्याच्या दारात कचरा टाका.

आई रोज दुपारी इथे येते, चहा घेते, पॅकिंगच्या खोलीत बसते. तिला मी तुमच्याबद्दल एक शब्द विचारत नाही आणि तीही इकडचं तिकडे करत नाही. ती आहे म्हणून हे कुंपण कुंपणच आहे, भिंत झालेली नाही.

— धाकटा


१५ मार्च

भाऊजी,

अडाणी बाईने मेलेल्या अळ्या बाटलीत भरून तपासायला पाठवल्या होत्या. आज अहवाल आला. सूक्ष्मदर्शकाखाली तुमचेच लाडके सापडले. जीवाणू, आणि त्यांच्या बाजूला ते चौकोनी स्फटिक. तपासणाऱ्या बाईंनी खाली लिहिलंय की असा मृत्यू अस्वच्छतेने येत नाही, फवाऱ्याच्या जीवाणूनेच येतो. मी हे वाक्य आईंना दोनदा वाचून दाखवलं. मला स्वतःला चारदा.

चुना मी दर बॅचला मारते. टोपल्या उकळते. शेडच्या दारात जंतुनाशक पाण्याची परात आहे, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत कुणी येत नाही. साक्षात खात्याचे साहेब आले तरी बूट काढायला लावते. माझ्या घराच्या झाडलोटीबद्दल पुन्हा एक अक्षर लिहिलंत तर पत्र न फोडता परत करीन.

कृषी कार्यालयात तक्रार दिली आहे. सव्वीस तारखेला सुनावणी आहे. तुमची ती वही घेऊन या. बघू या साहेबांना कोण जास्त खरं वाटतं, तुमची वही की माझा खड्डा.

— वहिनी


१९ मार्च

वहिनी,

या वेळी 'आदरणीय' मीही गाळलंय.

तक्रार! सख्ख्या दिरावर! आईला कसं सांगितलंत ते तरी कळवा. परवा ती आली तर चहा तसाच ठेवून बसून राहिली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे, पाय दुखतात."

अहवाल मी वाचला. कार्यालयाने मलाही प्रत दिलीय. जीवाणू माझ्या जातीचा आहे, मान्य. पण तो तुमच्या शेडमध्ये वाऱ्याने आला हे कुणी पाहिलं? वाऱ्याने आला असता तर तुतीच्या कडेच्या ओळींवरची पानं खाणाऱ्या अळ्या आधी मेल्या असत्या. तुमच्या सगळ्या एकदम मेल्या. म्हणजे जे काही आलं ते शेडमध्येच आलं, सगळ्या टोपल्यांना एकसारखं. हे शाळेतल्या पोराला कळेल.

मला तर दुसरीच शंका येते. तुमच्या तुतीवर पानं गुंडाळणारी अळी पडली असणार आणि तुम्ही कुणाकडून तरी माझ्याच जीवाणूचं पाकीट गुपचूप मागवून फवारलं असणार. मला विचारायला जीभ उचलत नसेल. आता अंगाशी आलं म्हणून माझ्या नावाने खडे फोडताय.

सव्वीसला येतो. वही घेऊन. साक्षीदार घेऊन. हवामान केंद्राचा कागद घेऊन.

— धाकटा


२८ मार्च

भाऊजी,

सुनावणी तुम्ही जिंकलात. अभिनंदन लिहायला हात वळत नाही, तेव्हा तुमच्या वहीतच एक ओळ लिहून घ्या.

पण मीच पाकीट विकत घेऊन फवारलं म्हणालात ना, तेही भर सभेत, साहेबांसमोर, ते मी या जन्मी विसरणार नाही. घराबाहेरचा माणूसही असं बोलला नसता. तुमचे दादा असते तर तुमची ती वही तिथेच फाडली असती.

अळ्यांची अंडी देणाऱ्या केंद्राने मला शेवटची संधी दिलीय. जंतू कुठून आले ते कागदावर आलं नाही आणि ही बॅचही गेली, तर माझं कार्ड रद्द. मग अंडी नाहीत, अळ्या नाहीत, शेडला कुलूप. तुम्हाला तेच हवं होतं ना? टाक्या ठेवायला जागाच जागा.

काल अंडी आणली. तुमच्या बाजूच्या खिडक्या मी खिळे ठोकून बंद केल्यात. कडेच्या चार ओळींची पानं तोडायचीच नाहीत असं ठरवलंय. आईसुद्धा आता दोनदा हात धुतात. आणि वाचून ठेवा, तुमची आई तुमच्या नाही, माझ्या बाजूने उभी आहे. पानं ओली राहावीत म्हणून टोपल्यांवर घालायला त्यांनी हिवाळ्यापासून स्वतः बाजारातून निवडून जाड पांढरी फडकी आणलीत. स्वतः धुतात, घडी करतात, मला हात लावू देत नाहीत. तुमच्याकडे येऊन चहा पितात तो केवळ पोटच्या पोराची लाज म्हणून.

— वहिनी


३१ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं.

मी पुढचे वीस दिवस कोबीवर फवारणी बंद ठेवतोय. वारा कुठेही असो.

एक सुचवतो. टोपल्या, ताटं, फडकी, जे काही शेडमध्ये वापरता ते सगळं दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला. उन्हाने हा जीवाणू मरतो. शक्य असेल तर कापड जुनं काढून नवं घ्या.

सभेत जे बोललो ते तसं बोलायला नको होतं.

— धाकटा


३ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र मी शेजारणीला वाचून दाखवलं. तीही हसली. वही, हवामान केंद्र, साक्षीदार, आणि जिंकून पाच दिवस होत नाहीत तोच फवारणी बंद! मनातला चोर कसा पावलं टाकतो ते पाहायचं होतं, पाहिलं. एका ओळीत माफी मागितल्यासारखं केलंत तेही ओळखलं मी. कबुली द्यायची तर साहेबांसमोर द्या, माझ्या पेटीत गुपचूप टाकू नका.

आणि पुन्हा माझ्या झाडलोटीवर आलातच! टोपल्या उन्हात घाला, कापडं बदला. म्हणजे दोष माझ्या शेडचाच, असं फिरून तिथेच. आईंनी हाताने धुतलेली, सावलीत वाळवलेली कापडं मी तुमच्या सांगण्यावरून फेकायची? उन्हात कापड विरतं म्हणून त्या सावलीत वाळवतात, त्यांना काय कळतं ते तुमच्या टाक्यांना कळणार नाही. तुमचा सल्ला तुमच्यापाशीच ठेवा.

अळ्या छान आहेत. पहिली कात टाकली.

— वहिनी


२१ एप्रिल

भाऊजी,

गेल्या. काल दुपारी माना वर केल्या. आज काळ्या.

आई खड्ड्याच्या कडेला बसल्यात, उठत नाहीत. ऊन आहे डोक्यावर. मी छत्री धरून उभी होते, मग हात भरून आला म्हणून छत्री त्यांच्या मांडीत ठेवली आणि हे लिहायला आले.

फवारणी बंद होती, तुम्ही म्हणालात. मीही पाहिलं, बंद होती. मग हे कुठून आलं? तुम्हाला माहीत आहे. ते एकतीस मार्चचं पत्र मी आज पुन्हा वाचलं. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं.

लिहा.


२३ एप्रिल

वहिनी,

माहीत होतं.

तुमचं अठ्ठावीसचं पत्र तीस तारखेला दुपारी मिळालं. ते वाचूनच पॅकिंगच्या खोलीत गेलो, तर आई फडक्यांच्या घड्या घालत बसली होती. टाकीतलं पाणी गाळायला आम्ही जाड सुती फडकी वापरतो. एकदा वापरलं की फेकतो, कारण जीवाणू धाग्याधाग्यात बसतो. आईला ते बघवत नव्हतं. हिवाळ्यात तिने विचारलं होतं, "चांगलं कापड आहे रे, नेऊ का?" मी हसून ने म्हणालो होतो. मला वाटलं लादी पुसायला नेत असेल.

त्या दिवशी विचारलं, कशाला नेतेस. म्हणाली, "पानांच्या टोपल्यांवर घालते. ओल धरून ठेवतं." मी म्हटलं, वहिनींना माहीत आहे? म्हणाली, "तिला सांगितलं बाजारातून आणली. तुझ्याकडची म्हटलं तर ती घरात घेणार आहे होय?"

थंड पाण्याने धुऊन जीवाणू जात नाही. दोन दिवस कडक उन्हात पडली असती तर बराचसा गेला असता. पण ती सावलीत वाळवते.

मी तिला म्हटलं, मशीन बदललंय, आता फडकी मिळणार नाहीत. घरी आहेत ती टाकून दे. "देते टाकून," म्हणाली. मी विश्वास ठेवला. ज्या बाईने आयुष्यात चांगलं कापड फेकलं नाही तिच्यावर ठेवला.

मला तेव्हाच तुमच्याकडे यायला हवं होतं. चाळीस पावलं. नाही आलो. तिला कळलं असतं की तिच्या हाताने गेल्या, हे एक कारण. तुम्ही पाहिलंय ती त्या अळ्यांना कशी बघते. पण दुसरंही कारण होतं, आज लपवत नाही. सुनावणी जिंकून चारच दिवस झाले होते. तुम्ही सगळ्यांसमोर खाली मान घालून बाहेर पडलात ते मला गोड लागलं होतं. ते सोडवलं नाही. म्हणून असं अर्धवट पत्र लिहिलं, की उन्हात घाला म्हणून. तुम्ही माझं ऐकणार नाही हे मला माहीत असायला हवं होतं.

काय करायचं ते सांगा. करतो. फक्त आईला कळता कामा नये.

— धाकटा


२६ एप्रिल

भाऊजी,

पत्र वाचून शेडमध्ये गेले. अकरा फडकी होती. आईंना आंघोळीला पाठवलं आणि मागच्या बाजूला नेऊन जाळली. आल्यावर विचारलं त्यांनी. उंदरांनी कुरतडली म्हणून सांगितलं. पंधरा वर्षांत त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले, तेही तुमच्या पायी.

तुम्हाला शिव्या द्यायला बसले होते, दोन कागद भरले, फाडले. तुम्ही मला एकदा हाक मारली असती तर झालं असतं हो. वहिनी, ती फडकी माझ्याकडची आहेत. एवढे पाच शब्द. माझी बॅच त्या पाच शब्दांनी वाचली असती. आणि मीही तशीच. तुमच्या नावाखाली आलेला शब्द म्हणून कानाआड केला, दोन टोपल्या उन्हात घातल्या असत्या तर काय माझा मोठेपणा कमी होणार होता? पण हे मी स्वतःला म्हणतेय. तुम्ही म्हणायचं नाही.

आता नीट वाचा. केंद्राचा नियम असा आहे की शेडमध्ये बाहेरचं कापड सापडलं तर दोष पाळणाऱ्याचा. खरं सांगितलं तर माझं कार्ड जाईल, आणि चौकशीत साहेब आईंना समोर बसवून विचारतील, "आजी, फडकी कोणी आणली?" दादा गेल्यावर तीन महिने ही बाई भिंतीकडे तोंड करून पडून होती. अळ्यांची पहिली बॅच आणली तेव्हा उठली. तिला हे कळलं तर ती पुन्हा भिंतीकडे वळेल आणि या वेळी उठणार नाही. हे तुम्हालाही माहीत आहे.

तेव्हा तुम्ही लिहून द्यायचं. की दोन्ही वेळा वारा आमच्याकडे असताना फवारणी केलीत, आणि वहीत खोटी नोंद केलीत. तुमची लाडकी वही. साहेबांसमोर, सहीनिशी. टाक्यांना सील लागेल, एका वर्षासाठी परवाना जाईल. जाऊ दे. मला कारण कागदावर मिळेल आणि अंडी मिळतील.

खोटं आहे, माहीत आहे मला. पण सभेत मी चोरून फवारलं असं तुम्ही म्हणालात तेव्हा तेही खोटंच होतं. तेव्हा तुम्हाला चाललं होतं.

आईंना काही कळणार नाही. माझा शब्द.

— वहिनी


१४ मे

वहिनी,

तीस तारखेला लिहून दिलं. चार तारखेला टाक्यांना सील लागलं. साहेब म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसाकडून अपेक्षा नव्हती." मी हो म्हणालो. साठ शेतकऱ्यांपैकी बरेचजण पुन्हा विषाच्या बाटल्या घेऊन गेले, त्यांना माझ्याकडे पाकीट मिळालं नाही. तेही तुमच्या हिशेबात धरा, किंवा माझ्या. मला आता कळत नाही कुणाच्या.

ते सगळं सहन करीन. पण आई येत नाही. चार तारखेपासून एकदाही नाही. मी फाटकापाशी तीनदा आलो. दोनदा ती उठून आत गेली. तिसऱ्यांदा मी हाक मारली, "आई." तिने वर बघितलं, आणि दाराला कडी लावली. माझ्या तोंडावर.

दुपारी दोन वाजले की मी कप दोन काढतो. मग एक परत ठेवतो. इतकं काही नव्हतं झालं मला आजवर, टाक्या गेल्या तेव्हाही नाही.

वहिनी, सांगून टाका तिला खरं. हळूहळू सांगा, तुमच्या पद्धतीने. तिची चूक नाही हेही सांगा. मी तुमचे पाय धरतो. मला ती परत हवी आहे.

— धाकटा


१७ मे

भाऊजी,

तुमच्या पत्राने मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? दोन दिवस होता. मग उतरला.

आता काय झालं ते सांगते, कारण तुम्ही विचारणार. चार तारखेला शेजारीण आली आणि आईंना म्हणाली, "तुमच्या धाकट्यानेच मारल्या हो, लिहून दिलंय त्याने." आई पानं निवडत होत्या. हात थांबले नाहीत. सगळी टोपली निवडून झाल्यावर मला म्हणाल्या, "मला मुलगा एकच होता. तो गेला." त्यानंतर तुमचं नाव त्यांनी घेतलेलं नाही, मलाही घेऊ दिलेलं नाही.

मी त्यांना खरं सांगणार नाही. तुमच्यावर सूड म्हणून नाही, म्हणजे थोडा आहे, पण तेवढ्यासाठी नाही. त्या आता पहाटे उठतात. नव्या अळ्यांनी परवा दुसरी कात टाकली. त्यांना वाटतं दुष्मन पलीकडे होता, त्याला सील लागलं, आता या जगतील. त्या रागावर उभ्या आहेत. त्या बाईला माझ्या तोंडाने सांगायचं, की आई, दोन्ही वेळा तुमच्याच हाताने? मला नाही जमणार. तुम्ही माझे पाय धरलेत म्हणूनही नाही.

पण अडवणारही नाही. फाटकाला कुलूप नाही. तुम्हाला आई परत हवी असेल तर या आणि तुमच्या तोंडाने सांगा. माझं कार्ड जाईल, शेडला कुलूप लागेल, लागू दे. मी तयारी केलीय. दुपारी दोन ते चार त्या अंगणात असतात.

येताना वही आणू नका.

— वहिनी


२० मे

वहिनी,

काल आलो होतो. अडीच वाजता. तुम्ही शेडमध्ये होतात.

आई अंगणात खुर्चीवर बसून पानं निवडत होती. माझ्याकडे अर्धी पाठ, एक गाल दिसत होता. ती बोलत होती. मला वाटलं तुमच्याशी बोलतेय, पण जवळ कुणी नव्हतं. "खा गं," म्हणत होती, "खा, आता काही नाही होत." तिच्या मांडीवर एक ताट होतं, त्यातल्या अळ्यांशी बोलत होती. हसत होती, वहिनी. दादा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलेलं नाही.

मी फाटकावर हात ठेवून उभा राहिलो. मग परत आलो.

साहेबांना दिलेल्या कागदात काही बदल करायचा नाही. तुमच्यावर उपकार म्हणून नाही, तसा गैरसमज नको. तुमच्याशी माझं बोलणं पूर्वी होतं तेवढंच, म्हणजे नाहीच.

तिच्या उजव्या गुडघ्याला संध्याकाळी गरम पाण्याचा शेक लागतो. ती मागत नाही, नुसती हात फिरवत बसते, त्यावरून ओळखायचं. इतके दिवस इथून उठण्याआधी मी देत होतो. आता तुम्ही द्या.

— धाकटा